खारातल्या कैऱ्यांवरचा दगड

माझी नात चार वर्षं दगड भाजते आहे. नात काय करते असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. ती रागावते. म्हणते, "आजी, भाजत नाही गं, तापवते." मी म्हणते, भट्टीत घालून तापवलं की भाजतंच. वांगं काय वेगळं असतं?

तिचं काम म्हणजे पृथ्वीवर पाणी मुळात आलं कुठून ते शोधायचं. मी चौथी शिकले आहे. तिने मला समजेल असं सांगितलं आणि मला जेवढं समजलं तेवढं मी इथे सांगते. पृथ्वी आधी नुसती रटरटत होती, चुलीवरच्या पिठल्यासारखी. पिठलं रटरटताना मध्येच फुटतं आणि हातावर उडतं, तसे ज्वालामुखी. त्यांच्यातून लाव्हा यायचा आणि लाव्ह्याबरोबर वाफ यायची. लाव्हा थिजला त्याचा काळा दगड झाला. आपल्याकडचे डोंगर तसल्याच, पण फार नंतरच्या लाव्ह्याचे, मुंब्र्याचे काय आणि टिटवाळ्याकडचे काय. वाफ गार झाली तिचं पाणी झालं. हे एका बाजूच्या शास्त्रज्ञांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, पृथ्वी सुरुवातीला जवळजवळ कोरडीच होती. पाणी पोटात घेऊन दगड आकाशातून येऊन आदळले, त्यातून ते आलं.

मी म्हटलं, "म्हणजे भांडण एवढंच ना, की पृथ्वीचं पाणी विहिरीचं की टँकरचं?"

नात आधी हसली. मग म्हणाली, "हो. एवढंच."

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे कळायला कॉलेज लागत नाही.

मग तिने दुसऱ्या ग्रहांचं सांगितलं. शुक्रावर पाणी असावं म्हणतात, ते उडून गेलं. मंगळावर होतं, ते आटलं. हे सगळे दगडाचेच ग्रह, एकाच मालाचे. मग पृथ्वीलाच पाणी कसं टिकलं? मी म्हटलं, आपल्या इमारतीला टाकी एक, पाइप एक. पहिल्या मजल्यावरची जिना धुते आणि पाचव्या मजल्यावरची बादली धरून बसते. आधी ह्याचं कारण शोध, मंगळाचं आपोआप कळेल. हे तिने लिहून घेतलं नाही.

घरात आम्ही तिघी. मुलगा आखातात नोकरीला, वर्षातून एकदा येतो आणि सगळ्यांना बदाम देऊन जातो. इथे मी, सून आणि नात. जमीन होती ती बिल्डरला दिली, त्याबदल्यात हे फ्लॅट मिळाले. पूर्वी आमच्या ओटीवर भाताची पोती असायची, आता शोकेसमध्ये दगड असतात. सुनेने त्या शोकेसमध्ये काचेचे ग्लास ठेवायचं ठरवलं होतं. तेवीस दगड आल्यावर ग्लास पलंगाखाली गेले.

दगड आणले की नात ते वर्तमानपत्रात गुंडाळायची. कागद फाटायचा, कोणता दगड कुठला ते समजेना. तेव्हा मीच जुन्या परकरांच्या पिशव्या शिवून दिल्या, नाडी ओढायच्या. प्रत्येक पिशवीवर तिने शाईने नंबर घातला. दगडावर नंबर घातला नाही, कारण रंगातही पाणी असतं म्हणे. आणि तिची एकच ताकीद होती. दगडाला पाणी लागता कामा नये. आतलं पाणी मोजायचं तर बाहेरचं शिरलेलं चालत नाही. "आजी, तू दगडांना हात लावायचा नाही. आई, तुलाही सांगते." सून म्हणाली, "मी कशाला लावू? मला घासायला भांडी कमी आहेत का?"

तेवीसमधला सतरा नंबरचा दगड तिचा जीव होता. तो आंबिवलीच्या पुढच्या एका टेकाडातला. तिथे इमारतीसाठी टेकाड कापलं तेव्हा खालचा थर उघडा पडला, त्यातून तिने तो काढला. त्यात मुगाच्या डाळीएवढे हिरवे दाणे होते. लाव्हा वर येण्याच्या आधी, अगदी खोल जमिनीत, हे दाणे तयार होतात आणि तिथलंच पाणी पोटात धरून वर येतात. असा दगड मिळणं कठीण. त्या टेकाडावर आता तीन इमारती आणि एक जिम उभी आहे, त्यामुळे दुसरा मिळायचा प्रश्नच नाही. तिने त्याची खराब झालेली वरची साल लॅबमध्ये काढून घेतली होती, म्हणून बाकीचे बावीस खडबडीत आणि हा एकटा गुळगुळीत होता. हे लक्षात ठेवा.

ह्याच दगडावर तिची परीक्षा होती. पेपरची परीक्षा नव्हे. बाहेरून एक मोठे परीक्षक येणार, तिचं चार वर्षांचं काम बघणार, आणि पुढे जायचं की नाही ते सांगणार. नाही म्हणाले तर घरी बसायचं. घरी बसली असती तर लग्नाचं बघायला तिच्या दोन आत्या टपलेल्याच होत्या. एका आत्याने बायोडेटा छापूनसुद्धा ठेवला होता. त्यात नातीच्या शिक्षणापुढे "चालू" आणि रंगापुढे "उजळ" लिहिलं होतं. दोन्ही खोटं ठरायची वेळ आली होती, कारण डोंगरात फिरून ती तव्यासारखी झाली होती.

आता माझ्या दगडाचं सांगते.

माझं माहेर खाडीकाठचं. बाप मिठागरावर राबायचा. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूकडे एक काळा गुळगुळीत दगड होता, खारातल्या कैऱ्यांवर ठेवायचा. कैऱ्या पुसून कोरड्या करायच्या, बरणीत एक थर कैऱ्या आणि एक थर खडे मीठ असं घालत जायचं. वरून मिठाचं पाणी, हिंगाचा खडा, आणि सगळ्यावर दगड. दगड नसला तर कैऱ्या वर तरंगतात, काळ्या पडतात, बुरशी धरतात. सासू गेली तेव्हा तिचे दागिने जावांनी वाटून घेतले आणि दगड माझ्याकडे आला. दागिन्यांचे पुढे फ्रिज आणि मोटारसायकली झाल्या. दगड आहे तसा राहिला.

गेल्या वर्षी वैशाखात मी त्या पिशव्या बघितल्या. धुळीने माखलेल्या. दगडांना हात लावू नका म्हणाली होती, पिशव्यांबद्दल काही बोलली नव्हती. पिशव्या मी शिवल्या होत्या, परकर माझे होते. स्वतःचा परकर धुवायला मला कोणाची परवानगी लागत नाही. नात बाहेर गेलेली. मी शोकेससमोर चटई टाकली, दगड एकेक करून काढला, ओळीने चटईवर मांडला, पिशव्या धुतल्या, खिडकीच्या जाळीवर वाळत घातल्या. दगडांना पाण्याचा थेंब लावला नाही. मी काही खुळी नाही.

माझा दगड त्या दिवशी धुऊन झाला होता, नीट वाळला की बरणीत घालायचा होता. तो मी त्याच चटईवर, त्या गुळगुळीताच्या शेजारी ठेवला, कारण पंखा तिथेच होता.

संध्याकाळी पिशव्या वाळल्या. मी ओळीनेच दगड भरले. एक खडबडीत, एक पिशवी. एक खडबडीत, एक पिशवी. सतराव्याला गुळगुळीत आला, तो सतराव्या पिशवीत. शेवटी तेवीस पिशव्या भरल्या आणि एक गुळगुळीत दगड उरला. उरला तो माझा. हिशेब सरळ होता. मी तो कैऱ्यांवर ठेवला, खार घातला, बरणीचं तोंड फडक्याने बांधलं.

तेव्हा माझ्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू होता आणि डावा नुसता सोबतीला होता.

आषाढात लॅबमधल्या मशीनची तारीख मिळाली. ते मशीन म्हणे सगळ्यांना पुरत नाही, रांग असते. रेशनसारखं. नेमकी त्या आठवड्यात नात तापाने पडली. सून ठाण्यात वर्तकनगरला तिच्या बहिणीकडे जाणार होती आणि लॅब त्याच बाजूला. म्हणून सतरा नंबरची पिशवी तिनेच पोचवली. मशीन चालवणाऱ्या बाईंनी पिशवीवरचा नंबर बघितला, दगड कापला, अर्धा कपाटात ठेवला, अर्ध्याचा चुरा केला आणि भट्टीत घातला.

चार दिवसांनी नात उड्या मारत आली. इतकं पाणी तर कोणाच्याच दगडात मिळालं नव्हतं! शिवाय मीठ. शिवाय गंधक. तिचे सर म्हणाले, हा तर आदिम समुद्राचा श्वास आहे, दगडात कोंडलेला. त्यांनी चुऱ्याची पुडी तिच्याजवळ दिली होती, मला दाखवायला. मी वास घेतला.

"हिंगासारखा येतो," मी म्हटलं.

"आजी, ज्वालामुखीला असाच वास असतो. गंधकाचा."

"मी ज्वालामुखी नाय बघितला. हिंग बघितलाय."

ती खदखदून हसली. सुनेला म्हणाली, "आई, हिला पृथ्वीच्या पोटातपण स्वयंपाकघर दिसतं." सून म्हणाली, "खरंय. मला तर झोपेतपण दिसतं." मीसुद्धा हसले. तोंड उघडून हसले, ह्याची आता लाज वाटते.

मग माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने पट्टी काढली आणि मला घरातली जळमटं दिसली. सुनेचे पांढरे केस दिसले. ते मी बोलून दाखवलं, तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

श्रावणात परीक्षेचा दिवस आला. नात सकाळी सातलाच गेली. जाताना पाया पडली, जे ती कधी करत नाही, म्हणजे घाबरली होती. मी ठरवलं, संध्याकाळी तिच्या आवडीची खारातल्या कैरीची चटणी करायची. बरणीचं फडकं सोडलं, दगड उचलला. नव्या डोळ्याने बघते तर दगडात हिरवे दाणे. मुगाच्या डाळीएवढे.

मी दगड पालथा केला. त्या बाजूलाही हिरवे. माझ्या दगडात हिरवं काही नव्हतं. त्यात पांढरे ठिपके होते, तिळासारखे.

मी खाली बसले. मला समजायला वेळ लागला नाही. आदिम समुद्र माझ्या बरणीतला होता.

नातीला फोन केला, तो बंद. परीक्षेसाठी बंद ठेवला असणार. मी सुनेला हाक मारली.

"अगं, स्कूटर काढ. ठाण्याला जायचंय."

"आई, माझा कुकर लागलाय."

"कुकर बंद कर. पोरगी माझ्या सासूचा दगड घेऊन परीक्षेला बसलीय."

सुनेला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच सांगून बघितलं, आणि मग कपाळाला हात लावला. "आणि ती पिशवी मी पोचवली? माझ्या हाताने?" मी म्हटलं, तू नुसती पोचवलीस, भरली मी. रडायचं तर पुलावर रड, वेळ वाचेल.

दगड मी स्टीलच्या डब्यात घातला, खारासकट. पुरावा जसा सापडला तसा न्यायचा, हे टीव्हीवर बघितलेलं होतं. माणकोलीच्या नव्या पुलावरून स्कूटर निघाली. मी मागे, मांडीवर डबा. पुलाच्या प्रत्येक सांध्याला डबा उसळायचा आणि खार सुनेच्या पाठीवर.

"आई, पाठ ओली झाली."

"समुद्र आहे. पुढे बघ."

माजिवड्याच्या सिग्नलला बाजूच्या रिक्षातल्या बाईने नाकाला पदर लावला. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या बाईला म्हटलं, कैरी आहे, लागली तर सांगा.

लॅबच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. "डब्यात काय आहे?"

"दगड."

"दगड घेऊन आत जाता येत नाही."

"आत काय भाजी विकतात? दगडच भाजतात ना?"

तो विचारात पडला. तेवढ्यात आम्ही आत गेलो.

खोलीत पडद्यावर ज्वालामुखीचं चित्र होतं, लालभडक. त्याच्या शेजारी एक उंच खांब काढला होता, तो म्हणे मिठाचा. बाकीच्या बावीस दगडांचे खांब त्याच्यापुढे पायपुसण्यासारखे. नात काठी घेऊन उभी. तिचे सर पुढच्या खुर्चीत बसून कौतुकाने माना डोलवत होते. त्यांच्याशेजारी परीक्षक, एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, शर्टाची सगळी बटणं लावलेले. टेबलावर बशीत माझा दगड, अर्धा.

"आजी? तू इथे काय करतेस?"

मी काही नाटक केलं नाही. टेबलावर डबा ठेवला, झाकण काढलं आणि म्हटलं, "हा तुझा दगड. बशीतला माझा, खारातल्या कैऱ्यांवर ठेवायचा. वैशाखात पिशव्या धुतल्या तेव्हा अदलाबदल झाली. चूक माझी आहे."

नातीने बशीतला दगड उचलला, उजेडाकडे धरला. पांढरे ठिपके. मग डब्यात बघितलं. हिरवे दाणे. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आत्याकडचा बायोडेटा आजच बाहेर निघणार.

सर उभे राहिले. "आजीबाई, अहो, हा शास्त्राचा विषय आहे. ह्या दगडात प्राचीन खाऱ्या पाण्याचे अंश—"

"प्राचीन आहे ना," मी म्हटलं. "माझ्या सासूच्या काळापासूनचं आहे."

परीक्षकांनी माझा अर्धा दगड मागितला. चष्मा कपाळावर चढवला, दगड नाकाशी नेला, आणि मग जीभ बाहेर काढून तो चाटला. मी आयुष्यात पुष्कळ बघितलं आहे, पण शर्टाची सगळी बटणं लावलेला माणूस दगड चाटताना पहिल्यांदाच बघितला. नंतर नातीने सांगितलं, दगडांचा अभ्यास करणारे सगळेच चाटतात, चवीवरून ओळखतात. चार वर्षं हे तिने घरात लपवून ठेवलं होतं.

"खडे मीठ," परीक्षक म्हणाले.

"मिठागरातलं. पुडीतलं मी वापरत नाय."

"हिंग. आणि मेथी?"

"मेथी नाय. खारात मेथी घातली तर कडवट होतं."

"आमच्याकडे घालतात."

"म्हणून तुमच्याकडचा खार कडवट असेल."

त्यांनी मान हलवली. आणि नातीकडे वळून, शांतपणे, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "मग तुमच्या गंधकाचं काय करायचं?"

नात खाली बघत म्हणाली, "हिंगात गंधक असतं, सर." आणि तिने पडद्यावरचा तो उंच खांब स्वतःच्या हाताने पुसून टाकला. म्हणजे एक बटण दाबलं, गेला. खोटं टिकवायचा तिने जराही प्रयत्न केला नाही, एवढं मी तिचं कौतुक करते. पुन्हा करणार नाही.

"आणि हा, डब्यातला?" परीक्षक म्हणाले. "हा तीन महिने खारात आहे. हा गेलाच म्हणायचा."

"नाही, सर. दाण्यांच्या पोटातलं पाणी आहे तसंच असेल. खार तिथपर्यंत जात नाही."

"कशावरून?"

सर छताकडे बघत होते. सून दारात उभी राहून ओढणी पिळत होती. पोरीचं सगळं त्या एका "कशावरून"वर अडकलं होतं आणि ते तिथे मी अडकवलं होतं.

मी म्हटलं, "मिठागराच्या बांधाला काळे दगड असायचे. माझ्या बापाच्या आधीपासून पाण्यात. बांध फुटला की तेच फोडून पुन्हा लावायचे. फोडले की कडेला पांढरी रेघ दिसायची, नखाएवढी. आत कोरडा ठणठणीत. काळा दगड खार चाटतो, गिळत नाय. म्हणजे ह्यांच्यासारखाच." आणि मी परीक्षकांकडे बोट दाखवलं.

सुनेने मागून माझा पदर ओढला.

पण नात माझ्याकडे बघत नव्हती. ती बशीतल्या अर्ध्या दगडाकडे बघत होती, कापलेल्या बाजूकडे. "सर," ती हळूच म्हणाली, "हा दगड कितीतरी वर्षं खारात आहे. ह्याच्या आत खार कुठपर्यंत गेलाय ते मोजता येईल. ह्याच्या पांढऱ्या दाण्यांत पोचला नसेल, तर माझ्या दगडात तीन महिन्यांत पोचणं शक्यच नाही." मग माझ्याकडे वळली. "आजी, नेमकी किती वर्षं?"

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. तीन महिने देतो म्हणाले, मोजून दाखवा, मग बघू. उठताना डब्यातली एक कैरीची फोड खाराबरोबर आली होती ती त्यांनी उचलली आणि तोंडात टाकली. मेथीचं काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर नात आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. मला बोलायला घरात सून आहे. पण एकदा मी भिंतीकडे बघून म्हटलं, "चार वर्षं दगडांत घालवून माणसाला आपला दगड ओळखू आला नाय." भिंतीने उत्तर दिलं, "पिशवीवर नंबर होता!" मी म्हटलं, "पिशवी परकराची होती. परकरावर विश्वास ठेवायला कोणी सांगितलं?"

नवव्या दिवशी ती वही घेऊन आली. लॅबमधून एक बारका तराजू आणला होता, सोनाराकडे असतो तसा.

"आजी, बरणीला मीठ किती घालतेस?"

"सहा मुठी."

"मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे मूठ."

तिने मला दहा वेळा मूठभर मीठ घ्यायला लावलं. दहाही वेळा वजन वेगळं आलं. ती वैतागली. "दर वेळी वेगळं कसं येतं गं?" मी म्हटलं, कैऱ्यापण दर वर्षी वेगळ्या येतात. तिने दहाची बेरीज करून मधला आकडा काढला आणि तो माझी मूठ म्हणून लिहिला. तेवढं मीठ मी एकदाही उचललं नव्हतं, पण कागदावर ती माझी मूठ आहे.

"आणि तुझ्या आधी?"

"आधी सासू घालायची. तिची मूठ मोठी होती."

"किती मोठी?"

"माझ्या पाठीला माहीत आहे. तराजूवर नाय सांगता येणार."

हेही तिने लिहून घेतलं. नंतर खोडलं.

तीन महिने ती माझा अर्धा दगड कांद्यासारखा पातळ पातळ चिरत बसली. खार कडेला होता, भेगांत होता, फुटलेल्या जागी होता. दाण्यांच्या आत नव्हता. नख-दोन नखांपेक्षा जास्त कुठेच शिरला नव्हता. मग तिने सतरा नंबरच्या मधले हिरवे दाणे काढले, एकेक, सुईने, आणि त्यांच्या पोटातलं पाणी मोजलं. मी विचारलं किती निघालं. तिने आकडा सांगितला, मला समजला नाही. मग म्हणाली, थेंबाचे इतके भाग कर की एक भाग डोळ्याला दिसणार नाही, तेवढं.

"एवढ्यासाठी चार वर्षं?"

"आजी, असं एवढं एवढं करूनच समुद्र भरला असेल."

"मग ठरलं का? विहीर की टँकर?"

"तुझ्या दगडामुळे विहिरीच्या बाजूला एक मत वाढलं. निकाल अजून नाही."

निकाल नाही तो नाही, पण परीक्षकांनी हो म्हटलं. पत्र आलं. आत्यांना ते फोटो काढून पाठवलं. एका आत्याने अंगठा पाठवला, दुसरीने विचारलं की आता तरी मुलगा बघायचा का. नातीच्या जाड पुस्तकात माझ्या दगडावर अख्खं एक पान आहे. त्यात तो कुठला हे लिहिलंय: घरगुती बरणी, डोंबिवली पूर्व. माझा उल्लेख नाही. मी विचारलं तर म्हणाली, दगड चाटून ओळखणाऱ्या परीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं. मला त्याचं काय करायचं?

उरलेला दगड तिने परत आणून दिला. अर्ध्याहूनही कमी झाला होता, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने चोवीस नंबर घातलेला. रंगात पाणी असतं त्याचं आता काय झालं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ह्याचं मोजून झालं.

ह्या वर्षी कैऱ्या मिठात घातल्या. चोवीस नंबर वर ठेवला. दहा मिनिटांत कैऱ्यांनी त्याला उचललं आणि तो बाजूला कलंडला. शोकेसमध्ये बावीस दगड आहेत, सगळे जड, पण त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. पितळेचा तांब्या घेतला, काठोकाठ पाण्याने भरला, आणि दगडावर ठेवून दिला. कैऱ्या मुकाट खाली गेल्या.

पाणी टँकरचं होतं.